अडीच सूत

गाडी चेंदणीच्या शेडमध्ये बावीस वर्षं उभी होती,
खाडीकडे तोंड करून.
संध्याकाळी तिथे खारा वारा येतो,
सुकटीच्या वासासकट,
आणि लोखंडाला नाक नसतं, नुसती कातडी असते.

गुप्तेबाईंचा भाचा म्हणाला, रंग राहू दे,
इंजिन तेवढं फिरलं पाहिजे, मावशी रोज विचारते.
स्टँडर्ड हेरल्ड. पुढचं अख्खं तोंडच
उलटून उघडतं हिचं.
आत मुंग्यांनी वसवलेलं मातीचं गाव.
हँडल लावून जोर दिला
तर गाडी डुलली, क्रँक नाही.

घाईचं काम नाही हे.
प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि गिअरचं तेल
निम्मं-निम्मं ओतायचं, चिंधीचा बोळा कोंबायचा
आणि दुसऱ्या कामाला लागायचं.
सोमवारी ओतलं. गुरुवारी पाहिलं.
तीन भोकांतलं खाली उतरलं होतं,
चौथ्यातलं तसंच,
डोळ्यात साचलेल्या पाण्यासारखं... छे,
तेलासारखंच. काळं.

सुटे भाग पिंपात घातले.
पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, बॅटरीचा चार्जर;
लाल वायर भंगारातल्या पत्र्याला,
काळी आपल्या मालाला.
रात्रभर बारीक बुडबुडे.
सकाळी टॅपेटचं झाकण राखाडी, स्वच्छ,
आणि पत्रा बघवत नाही.
निहाल, माझ्याकडचा पोरगा, विचारतो,
गंज गेला कुठे?
मी पत्र्याकडे बोट दाखवतो.

मग मॅनिफोल्ड.
सहा स्टड, अडीच सुताचे, आटे इंची.
इथे हात थांबला माझा.
तिसरा माझ्या ओळखीचा होता.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, दाजी पांचाळांचं गॅरेज.
मी पंधरा वर्षांचा, दाजी जेवायला गेलेले.
हीच गाडी. बाई तेव्हा शाळेत न्यायच्या तिला.
तिसऱ्यावर मी पाना नाही, राग चालवला.
कट्.
मोडलेला तुकडा नटासकट
बुडख्यावर ॲरल्डाइटने चिकटवला, वर काजळी फासली.
आज हसू येतं: ॲरल्डाइट, एक्झॉस्टवर!
संध्याकाळी दाजींनी अंगठा फिरवला त्यावरून.
म्हणाले, चहा सांग.
मी दोन रात्री झोपलो नाही,
तिसऱ्या रात्री झोपलो.

पहिला तापवून लाल केला, मेणबत्ती टेकवली,
मेण आट्यांत शिरलं, तरी मोडला.
दुसरा मोडला.
तिसऱ्याला पाना लावायच्या आधी मी निहालला
उगाच पॉलिश पेपर आणायला पिटाळलं.

सुटला.
दोन बोटांनी. नट नाही, अख्खा स्टड.
भोकात टॉर्च मारली:
पितळ.
बुश बसवलेला, लेथवर कातून,
कड हेडशी इतकी सपाट
की नखालाही कळू नये.
ग्रॅफाइटचा काळा लेप
चौतीस वर्षांनी बोटाला लागला.

रात्रीच केलं असणार.
एकट्याने लेथ चालवली असणार,
शेजारच्या कारखान्याची तिसरी पाळी सुटायच्या आत.
सकाळी मी गेलो तेव्हा नेहमीसारखा झाडू दिला हातात.
केरात पितळेचा कीस होता का त्या दिवशी?
असेल.
मीच झाडला असणार.
पुढे अकरा वर्षं होतो त्यांच्याकडे.
एक शब्द नाही.

निहाल आला, वाकून बघू लागला.
कोणी केलंय, शेठ?
दाजी पांचाळ.
कुठे बसतात?
रोड नंबर सोळाला आता काचेची इमारत आहे,
दुपारी तिच्या पायऱ्यांवर
गळ्यात पट्टे घातलेली पोरं सिगरेट ओढतात.
मी म्हटलं, पितळेचा दांडा काढ,
पाच बुश कातायचेत.

बाईंचा फोन येऊन गेला.
चार दिवस, म्हणालो.
आठ लागतील कदाचित.
चौथा पिस्टन अजून हलत नाही.
बोळा काढून पाहिला,
तेल नखभर उतरलंय असं वाटलं.
वरून थोडं ओतलं.