विरुद्ध बाजू

त्या गुरुवारी टोपीतून चिठ्ठी काढली
आणि माझ्या वाट्याला विरुद्ध बाजू आली.
विषय: संघाला नवा मुख्य प्रशिक्षक नेमताना
एका तरी काळ्या माणसाची मुलाखत
घ्यायलाच हवी, हा नियम असावा का.
मिस कोवाल्चिक म्हणाल्या, ओडेसा, बदलून देऊ?
वर्गानं माझ्याकडे पाहिलं,
मग घाईघाईनं फळ्याकडे.
मी म्हटलं, नको.

बाबा आदल्याच रात्री ओमाहाहून परतले होते.
सात वर्षांतली चौथी मुलाखत.
राखाडी सूट लाँड्रीच्या प्लास्टिकमध्ये
स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेला,
येता-जाता खांद्याला लागायचा.
मला त्यांनी काही सांगितलं नाही.
आईला सांगितलं ते मी जिन्यात बसून ऐकलं:
चाळीस मिनिटं. त्यातली दहा
प्रवास कसा झाला, यात गेली.
दोनशे बारा पानांची वही
अनुक्रमणिकेपुढे उलटली नाही.
साखरपुडा उरकलेल्या घरात
पोह्यांची बशी पुढे करावी
तसे सगळे गोड वागले.
निघताना पार्किंगमध्ये एक माणूस
राखीव जागेवर पाटी ठोकत होता,
नावावर कागद चिकटवलेला.
वाऱ्यानं कागदाचा कोपरा उचलला.
"पहिलं अक्षर आपलं नव्हतं," बाबा म्हणाले
आणि हसले. आई हसली नाही.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली.
विषय त्यांनी दोनदा वाचला.
मग मीठ, मोहरीची बाटली, केचप, दोन चमचे
टेबलावर मांडले,
एकवीस वर्षं बचावफळी मांडत आले तसे.
"गुणवत्तेपासून सुरू करू नकोस,
सगळे तिथेच दबा धरून बसलेले असतात."
मिठाची बाटली सरकवली.
"म्हण, जो दरवाजा नियमानं उघडला
त्यातून आत आलेल्याला
घरचे कायम पाहुणाच समजतात."
मी लिहून घेतलं.
"आणि म्हण, नियम मालकाला पावती देतो.
एक माणूस बोलावला, कॉफी पाजली, हिशेब मिटला.
पावती खिशात असली
की कुणी पुन्हा मोजत नाही."
हे शेवटचं त्यांनी चमच्याला सांगितलं.

आई भांडी पुसता पुसता थांबली.
"लुशस, तू तिला जिंकवतोयस."
"तेच तर माझं काम."

मी विचारलं, मग नियम नकोच?
फ्रिज बराच वेळ घुरघुरत राहिला.
"तो यायच्या आधी मी चौदा वर्षं याच धंद्यात होतो.
तेव्हा फोन किती वेळा वाजला, ते विचार."
किती?
त्यांनी केचपची बाटली आडवी केली.
"पण हे तुझ्या कामाचं नाही.
समोरच्याला हे सुचलं, तर तू गेलीस."

समोर ग्रेडी हॉलेनबेक होता.
पिंगट केस, इस्त्रीचा शर्ट, नियमाच्या बाजूनं.
त्याच्याकडे आकडे होते, टक्के होते,
न्याय हा शब्द त्यानं नऊ वेळा उच्चारला.
फोनचं त्याला सुचलं नाही.
मी पावतीचं बोलले तेव्हा
मागच्या रांगेत कुणीतरी हळूच शीळ घातली.
परीक्षकांनी माझ्या कागदावर लिहिलं:
विषयाकडे विलक्षण अलिप्तपणे पाहते.

घरी आले तर बाबा जुना सामना बघत बसले होते,
आवाज बंद करून.
निळी फीत मी दप्तरातच ठेवली.
"जिंकलीस?"
हो.
"त्यानं फोनचं विचारलं?"
नाही.
पडद्यावर कुणीतरी झेल सोडला,
बाबांनी मागे नेऊन पुन्हा पाहिला.
"विचारायला हवं होतं त्यानं," ते म्हणाले.
मला वाटतं, मीही तेच म्हणाले असते,
पण माझ्या तोंडात अजून
सगळी दुसऱ्या बाजूची वाक्यं होती.

पुढच्या जानेवारीत फोन आला, टाम्पाहून.
बाबांनी तो तीनदा वाजू दिला.
चौथ्याला उचलला,
आणि बोलता बोलता डाव्या हातानं
सुटावरचं प्लास्टिक सोडवू लागले.
वहीत आता दोनशे तीस पानं होती.