खांब क्रमांक सतरा

मांजरीच्या द्राक्ष-नर्सरीत मी हजेरी लिहितो.
शेवंताबाई घुले कलमं बांधतात.
खुंटाला खाच, काडीला पाचर,
वरून पट्टी, तिचं टोक दातांनी तोडलेलं.
दिवसाला चारशे. माझ्या वहीत चारशेच.

खुंट साता समुद्रापलीकडचा,
काडी कुठली कोण जाणे,
गाठ मारणारी बाई मात्र
रेल्वे फाटकाच्या अलीकडची.

सतराव्या खांबावर, तारेच्या त्या अंगाला,
जिथे सोलापूरची मालगाडी अख्खं कुंपण हलवून जाते,
आंबटवेल चढलेली असते.
तीन-तीन पानं, कडा करवतीच्या,
आणि एक ताणा हवेत चाचपत,
आंधळ्याच्या बोटासारखा नव्हे,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा:
तार हाती लागली की दोन वेढे, मग सोडायचं नाव नाही.

"बघा, पानासमोर ताणा,"
शेवंताबाई म्हणाल्या, "द्राक्षाच्या घरचीच ही.
चुलत्याची पोर. लग्नात बोलवत नाहीत, एवढंच."

टेंभेकर साहेबांनी पिठ्या ढेकूण दाखवला पानाखाली.
हिच्यावरून बागेत उतरतो म्हणाले.
मी चिठ्ठी फाडली:
कुंपण साफ करणे. मजूर एक. अर्धा दिवस.

दुपारी बघायला गेलो.
वेल कापलेली होती खरी,
पण प्रत्येक काप तिरका,
डोळ्याच्या बोटभर वर,
पाणी साचू नये असा.
अशी छाटणी आम्ही बागायतदारांना
पैसे घेऊन शिकवतो.

"बाई, ही तर ऑक्टोबरची छाटणी झाली."
त्यांनी कात्री पदराला पुसली.
"हाताला दुसरं येतच नाही."

भाद्रपद संपेतो वेल दुप्पट.
हिरवट फुलांवर गांधीलमाश्या,
मग घोस,
वाटाण्याएवढे, काळे,
औषधाच्या मगात एकदाही न बुडवलेले.

एक तोडून खाल्लं.
आधी आंबट,
मग घशात कुणी काचेचं पीठ टाकल्यासारखं.
खोकत बसलो पोत्यावर.
शेवंताबाई इतक्या हसल्या
की त्या दिवशी कलमं तीनशे नव्वदच झाली.
मी चारशे लिहिली.

चैत्रात खांब नागडा.
वाळकी दोरी तेवढी तारेला,
ताण्याचे वेढे अजून घट्ट, आत कुणी नसताना.
साहेबांना अहवाल हवा होता.
मी लिहिलं: निर्मूलन पूर्ण.
खाली कंद आहे, हे विचारलं नव्हतं कुणी.

डबा खाऊन झाला की शेवंताबाई
तो विसळतात
आणि पाणी सतराव्या खांबाशी ओततात.
मोरी पंधराव्याजवळ आहे.