कडी

ओरुरोच्या बस-अड्ड्यावर पहाटे साडेचारला
पाणी नळातच गोठलेलं असतं.
प्रिमितिवा चोके घरून किटली आणते,
नळाच्या मानेवर ऊन पाणी ओतते,
मग पालथ्या बादलीवर दुकान मांडते:
एका नाण्याला चार कागद,
चिठ्ठीसारखे घडी घातलेले.

पोतोसीची गाडी लागली की रांग लागते.
बायका आत जातात त्या धास्ती घेऊनच.
चारही कागद बैठकीवर अंथरतात
आणि तरी टेकत नाहीत.
घागऱ्यांचे सगळे थर काखेत गोळा करून
अधांतरी,
तोल जाऊ नये म्हणून भिंतीला हात.
मग दांडी ओढायची. मग कडी काढायची.
पाणी बर्फासारखं. ड्रायव्हर हॉर्न देतोय.
बोटांची टोकं भिजली न भिजली
की हात झटकून मोकळ्या.

भाची योसेलिन नर्सिंग शिकते. ती म्हणाली,
"मावशी, मांडीच्या धड कातडीतून सहसा काही शिरत नाही.
ज्या रोगांची नावं बायका कुजबुजत घेतात
ते असल्या गार चिनीमातीवर फार तग धरत नाहीत.
उलट्या-जुलाबाचे मात्र चिवट,
दिवसचे दिवस बसून राहतात
दांडीवर, नळावर, कडीवर,
तिथून हातावर, आणि हातातल्या
सालतेन्याबरोबर तोंडात."

प्रिमितिवाने मान हलवली.
अकरा वर्षं ती आधी कडी पुसते,
मग बैठक.
का, ते कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या जुलैत अर्ध्या अड्ड्याचं पोट बिघडलं
तेव्हा कुणीतरी दारावर खडूने कवटी काढली,
बैठकीला शिव्या घातल्या.
कडी तशीच चकाकत राहिली,
रोज दीडशे जणींशी हात मिळवणारी,
गावातली सगळ्यात मिळूनमिसळून वागणारी.

नाणं लोक बादलीवर टाकतात, लांबून.
तिच्या तळहाताला शिवत नाहीत.
साबणाने चिरा पडलेला, ब्लीचने पांढुरका पडलेला
तो तळहात
अख्ख्या अड्ड्यावर सगळ्यात स्वच्छ.

आज तिने कागद तीनच ठेवले.
चौथ्याच्या जागी साबणाची चकती,
सुरीने कापलेली, नखाएवढी.

"एक कागद कमी का?"
चायापाताची एक बाई भांडायलाच उभी राहिली.
प्रिमितिवाने किटली उचलली,
वाफ अजून येत होती.
म्हणाली, "हात पुढे कर."