पेनफर्डचं नाक

पालिकेच्या गोदामामागे, कचऱ्याच्या गाड्या धुतात तिथं
पेनफर्ड साहेबाचा संगमरवरी पुतळा
सहा वर्षं आडवा पडलाय.
नाक फुटलेलं. ते कुणी फोडलं
याचं श्रेय सध्या तीन पक्ष घेतात.

आता तो परत उभा करायचा की खडी करायची
यावर इंदुरात सभा चालल्यात,
म्हणून रामबागेत माझ्याकडे माणसं येतात
अण्णांची व्यंगचित्रं मागायला.

पहिले आले खादीतले. त्यांना बूट हवा होता:
एक्केचाळीस सालचा, राजवाड्याएवढा,
नाडीच्या जागी दरबारी पगडी पिळून ओवलेली.
दुसरे निवृत्त इंजिनिअर, काखेत नळाचा नकाशा.
“तलाव त्यानंच बांधला, ताई. शहर अजून ते पाणी पितं.”
खरं आहे.
तलावात गेलेली दोन गावं नकाशात नाहीत,
तेही खरं.
त्यांना भिश्ती पेनफर्ड हवा होता,
पाठीवर पखाल, चेहरा घामेजलेला.
किती आदरानं काढलंय, म्हणाले.
पखालीची धार छावणीतल्या गुलाबांवर पडतेय
आणि मागं रिकाम्या घागरींची रांग आहे,
तिथवर त्यांचा चष्मा पोचला नाही.

“तुमचे वडील नेमके कोणत्या बाजूचे?”
दोघांनीही विचारलं.
मी चहा टाकला. त्याच तलावाचा.

मला आठवतं ते नाक.
त्यापायी अण्णा अकरा दिवस आत होते;
सुटून आले, निब धुतली, परत तेच नाक.
हात बसला होता.
साहेब गेले तसं ते नगराध्यक्षाला लागलं,
बोनस बुडवला त्या वर्षी गिरणीच्या शेठला,
मग संपादकाला, त्याच्याच वाढदिवसाच्या कार्डावर.
“साहेबाचं कुठलं गं,” म्हणायचे,
“खुर्चीचं आहे ते. बसलं की उगवतं.”

फाइलीत तळाशी एक न छापलेलं आहे,
विजेच्या बिलाच्या पाठीवर.
आमची मोरी, आमचा उंबरा.
उंबऱ्याबाहेर सुगनाबाई, झाडू खाली ठेवून,
पाठमोरी, ओंजळ धरून वाकलेली.
वरून, हातभर उंचीवरून, तांब्या.
तांब्यामागं बनियन, जानवं,
आणि अण्णांच्या गोल चष्म्याखाली
ते नाक.

तारीख नाही. सही आहे.

हे कुणी मागितलं नाही.
मी दोघांना दोन झेरॉक्स दिल्या,
पैसे घेतले नाहीत, आणि तिसरं पिशवीत घालून
रिक्षानं गोदामापर्यंत गेले.
सुगनाबाईची नात तिथं गाड्या धुते.
चित्र तिनं ओल्या हातानं धरलं नाही,
लांबूनच पाहिलं, बराच वेळ. काही बोलली नाही.
मीच मग विचारलं, साहेबाचं काय करावं?
तिनं पाण्याचा पाइप गुंडाळून
पेनफर्डच्या गळ्यात अडकवला.
“पडा रहने दो, बाई,
पाइप सुखाने के काम आता है.”