स्थानिक नाव

मोरोंडावाच्या उत्तरेला, ऑक्टोबर सरताना.
रान पार उघडं. एका पानाचीही सावली नाही,
आणि त्सियावू म्हणतो, हळू बोला,
झाडं निजलीत, मेलेली नाहीत.

तो मध काढणारा. वय विचारलं तर म्हणाला
टोळ आले त्याच्या आदल्या वर्षीचा.
अरूफीच्या सालपटं सुटलेल्या खोडापाशी थांबला,
बोट वाकवून, पेराने दाखवली त्याने ती.
सरळ बोट रोखत नाहीत इथे
थडग्यांकडे.
आणि बहुधा हिच्याकडेही.

करंगळीएवढी जाड, राखाडी.
बाकीच्या वेली ज्या अंगाने चढतात
ही त्याच्या उलट फिरलेली.
वर, दोन पुरुष उंचीवर, फुलं:
हिरवट, नखाएवढी, पानांच्या आधी आलेली.
वास ओल्या राखेचा.

मी भिंग काढलं, टेप काढली, गुडघ्यावर वही ठेवली.
हे काय? म्हटलं, वही.
तो हसला, दातांच्या फटीतून, कितीतरी वेळ.
त्यांच्या भाषेत वाही म्हणजे वेल.
वेलीला हात लावून म्हणाला, वाही,
माझ्या कागदांना हात लावून म्हणाला, वाही,
आणि झाफिसुआने, वनरक्षक बाईने, पुढचं सांगितलं:
बघू म्हणतोय, कोण कोणावर चढतं.

आधारवृक्ष. उंची. माती: तांबूस रेती.
स्थानिक नाव?
आहे, म्हणाला. बाळंतिणीच्या दाराला ही बांधताना
बाया घेतात ते. मी घ्यायचं नाही.
झाफिसुआ इथली नव्हे, तिलाही ठाऊक नाही.

संख्या?
त्याने पाच बोटं उभी केली,
मग पूर्वेकडे वळून एकेक मिटत नेली.
तिकडे आता मका. रान जाळून पेरलेला.
त्यातली दोन शेतं भाच्याची,
हे त्याने आपणहून सांगितलं.
अंगठा उरला.
लिहिलं: एक.

कात्री हातातच होती.
एकच असेल तर कापू नये, हे मला शिकवलेलं.
नमुना नाही तर नोंद नाही, हेही त्याच माणसाने.
झाफिसुआ बाटलीचं झाकण लावत राहिली,
लागलेलंच झाकण.
शेवटी रेतीत पडलेलं एक फूल उचललं
आणि दाबलं पानांत.

रात्री तंबूत वही उघडली तर
फुलाचा रंग कागदात उतरलेला.
कोऱ्या रकान्यात नाही,
जरा वर, तारखेवर.
आज किती तारीख, मी बाहेर विचारलं.
कोणालाच नक्की सांगता येईना.