नववा भाग

चोडणला आमच्या वाड्यावर तेव्हा एकच टीव्ही,
बोटीवरून निवृत्त झालेल्या कामिल आजोबांचा,
लाकडी दारांचा, किल्लीचा.
दर रविवारी साडेपाचला ते किल्ली फिरवत
आणि आम्ही सतरा पोरं तांबड्या कोब्यावर दाटीनं.
मोठी माणसं खिडकीच्या गजांबाहेर.
'पोरांचं खूळ' म्हणायची, हलायची नाहीत.

'सागरगस्त'. बाहुल्यांची मालिका.
पाणबुडी म्हणजे पत्र्याचा डबा, समुद्र म्हणजे साडी,
निळी, असं आम्ही ठरवलेलं; दिसायची करडीच.
कप्तान समशेरला चालता येत नसे,
म्हणून तो सदा खुर्चीत
किंवा दाराआडून कमरेइतका.
खालचा ओठ तेवढा हलायचा, बोलणं होऊन गेल्यावर.
खाडीपलीकडे बाई कपडे आपटते, थाप मागाहून ऐकू येते,
त्याच्या बरोबर उलट.

नवव्या भागात हेर.
कोणीतरी रात्री बिनतारी यंत्रावर आकडे सांगत होतं.
स्वयंपाक्याच्या किटलीत कॅमेरा निघाला.
मग पडदाभर एक हात आला, फिल्म गुंडाळणारा,
लाकडाचा नव्हे, खरा,
अंगठ्याचं नख अर्धं गेलेला.
डॉक्टर म्हणाला, मला कळलंय कोण ते,
आणि वीज गेली.
ती मंगळवारी आली.

तो भाग पुन्हा कधी लागला नाही.
पण हेर तर मोकाट होता.
आम्ही सांतान पोदेरावर पाळत ठेवली,
सायकलचा भोंगा किती वेळा वाजतो ते वहीत लिहिलं,
त्याचे अंगठे तपासले,
सहा पोया फोडून आत फिल्म शोधली.
आईनं त्या आम्हालाच खायला लावल्या, चहाशिवाय.

तीस वर्षांनी रायबंदरला
बाबुसो चारींच्या पडवीत बसले.
टेपा? पुसून त्यांवर फुटबॉल घेतला, म्हणाले.
पांगाऱ्याची चार डोकी उरलीत, बिस्किटांच्या डब्यात,
एकाचा गाल वाळवीनं नेलेला.
मी विचारलं, हेर कोण होता?
हसले. 'चार डोकी, सात पात्रं, बाय.
कप्तान आणि डॉक्टर एकत्र कधी दिसले तुला?
मिशी लावली की डॉक्टर.'
चहाचा पेला पुढे केला.
अंगठ्याचं नख अर्धं.

पेला मी लगेच घेतला नाही.

'हात सगळ्यांचेच माझे. कप्तानाचे, हेराचे,
पट्टी बांधणाऱ्या नर्सचेसुद्धा, पावडर लावून.'
मग बराच वेळ डब्याचं झाकण बसवत राहिले,
आणि मी न विचारताच:
'फिरंग्याच्या वेळी सोळा वर्षांचा होतो.
पणजीत एका साहेबाच्या मेजाला चोरखण केला.
खिळा नाही, बिजागरी नाही,
बोटानं दाबलं की उघडायचा.
नख तेव्हाच गेलं, पटाशीखाली.
त्या खणातून काय गेलं, कोणाचं नाव गेलं,
मी विचारलं नाही.
पैसे दिले त्यांनी. लगेच दिले.'

बाहेर फेरीबोटीचा भोंगा झाला.
'पण शेवटी? कबूल कोण झालं?'
'लिहिणाऱ्यानं स्वयंपाकी लिहिला होता.
ऐन वेळी मी ओठ कप्तानाचा हलवला.
पाहणाऱ्यांपैकी एकानंही पत्र पाठवलं नाही.'

परतताना बोटीवर एक पोदेर होता, मोटरसायकलवाला,
टोपलीवर निळं प्लास्टिक.
मी दोन पोया घेतल्या, अजून गरम.
मांडवीच्या मध्यावर एक फोडली
आणि खाण्याआधी
आत पाहिलं.