तुमचं किती आलं?

डबा छोटा, बुटाच्या पॉलिशएवढा,
आत कोळशाची भुकटी.
झाकण काढून तीन दिवस तळघरात ठेवायचा,
घराची दारं-खिडक्या बंद.
मग झाकण, पाकीट, पोस्ट.
एवढंच. मी आईला आमच्या भाषेत तीनदा सांगितलं.

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत
बर्फ उपसता उपसता लोक एकमेकांना हेच विचारत होते,
तुमचं किती आलं?
जसं शुगरचं विचारतात.
आर्डिथबाईंचं तीन पॉइंट नऊ, काठावर पास.
शेजारच्या ट्यूनिसचं बावीस.
दोघांच्या मध्ये साधं कुंपणही नाही,
तीच माती, हिमनदीने कधीकाळी आणून टाकलेली,
घरं बांधणारा कंत्राटदारही तोच.

आईने विचारलं, वास?
नाही.
रंग?
नाही.
मग तो कुणाच्या बाजूचा आहे?

झुमरा हलीलोविच, वय त्र्याहत्तर.
आयोवात येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, तरी
वरच्या मजल्यावर तिचा डोळा लागत नाही.
वर खिडक्या असतात.
खाली तिचा सोफा, भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या,
मेणबत्त्यांचा जुडगा, ट्रान्झिस्टर,
पाण्याचे पाच कॅन, कायम भरलेले.
सारायेवोत मी चार वर्षांची होते.
शिट्टी ऐकू आली की ती माझं मनगट धरायची
आणि एकच शब्द म्हणायची: खाली.

पहिली तपासणी वाया गेली.
डब्यावर तिने क्रोशाचा रुमाल घातला होता,
धूळ बसू नये म्हणून.

दुसऱ्या वेळी रुमाल मी खिशात घेऊन गेले.
उत्तर आलं: अकरा पॉइंट सहा.
चारच्या वर असेल तर दुरुस्ती करून घ्या, असं पत्रात.
पत्र मी फ्रिजवर लावलं, मग काढलं,
मग तिच्या कॉफीशेजारी ठेवलं.
जिने मला खाली जायला शिकवलं
तिला, वर ये, कोणत्या तोंडाने म्हणायचं?
तिने आकडा वाचला, पत्राची घडी घातली.
म्हणाली, भिंती तर चांगल्या आहेत.

मार्चमध्ये व्हेंडेल आला, ड्रिल घेऊन.
काँक्रीट फुटायला लागलं तशी ती जिन्यावर बसली,
तळवे कानांवर, ओठ हलत होते.
मी शेजारी बसले. मनगट धरलं की नाही, आठवत नाही.
फरशीखालून पाइप, भिंतीतून बाहेर, छपराच्या वर,
वर एक पंखा:
जमिनीने सोडलेला श्वास
घराने घ्यायच्या आत पळवून न्यायचा.

जाताना व्हेंडेलने पाइपवरची काचेची नळी दाखवली,
आत लाल पाणी,
एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली.
दोन्ही बाजू सारख्या दिसल्या, तर पंखा बंद पडलाय,
मला लगेच फोन करा.
मी भाषांतर केलं.
आई हसली, इतकी की व्हेंडेल गोंधळला.
सारख्या झाल्या की बिघडलं, म्हणाली,
हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?

आता एक पॉइंट चार.
रोज सकाळी चष्मा लावून ती लाल पाणी बघते,
मग बर्फाच्या कडेने ट्यूनिसच्या दारात जाते
आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत विचारते,
पाइप कधी बसवणार?
झोपते अजून खालीच.
पंख्याची घरघर आवडते म्हणते, जनरेटरसारखी.
कॅनमधलं पाणी
दर रविवारी बदलते.